लुक्रेटिव्ह म्हंजे काय?

टेंभुर्णीच्या बाजारात इंद्रभानचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. जालन्याला मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेला हा धनगराचा गडी आज पहिल्यांदाच दुभाष्या म्हणून उभा राहणार होता. एकीकडं मुंबईहून लोकर घ्यायला आलेला बार्टन साहेब, दुसरीकडं आपल्याच भावकीतले मेंढरंवाले!

साहेबानं त्यातल्याच रखमाजीच्या मेंढ्याच्या दाट लोकरीत बोटं घातली आणि खूश होऊन म्हणाला, "लुक्रेटिव्ह! व्हेरी लुक्रेटिव्ह!"

रखमाजीचं डोकंच फिरलं. "लुकडं? माझ्या मेंढ्याला लुकडं म्हणतो? न्हाई विकायची मला लोकर!"

गलका झाला. सगळे इंद्रभानकडं पाहू लागले, आणि इंद्रभानला नेमका तोच शब्द येत नव्हता. वाटलं, द्यावं काहीतरी ठोकून. पण रखमाजी तर मेंढा ओढत निघालासुद्धा. इंद्रभाननं धीर केला आणि भर बाजारात साहेबालाच अर्थ विचारला.

साहेबानं सावकाश समजावलं. ज्या कामात भरपूर कमाई, ते लुक्रेटिव्ह. धंद्याला म्हणावं, नोकरीला म्हणावं. जनावराला म्हणत नाहीत.

"काका, थांबा!" इंद्रभान ओरडतच धावला. "लुकडं न्हाई, कमाईचं! मेंढ्याला न्हाई, लोकरीच्या धंद्याला म्हणून राह्यला तो!"

हशा पिकला. रखमाजी ओशाळून मागं फिरला. तेवढ्यात गोपिकाबाई पुढं आली. लोकरीचे सगळ्यात मोठे गठ्ठे तिचेच होते.

"बराबर हाये. पण कमाई कोणाची? त्याची का आमची? इचार त्याला."

रोजगार साहेबाचा, आणि सवाल हा असा! तरी इंद्रभाननं शब्दाला शब्द लावून साहेबाला विचारलं. साहेबानं टोपी काढून कपाळ पुसलं आणि उत्तर दिलं.

"दोघांची म्हणतो," इंद्रभान म्हणाला.

"मंग भाव वाढव म्हणावं. जल्दी! न्हाई तर गठ्ठे चालले घरी."

साहेबानं गठ्ठ्यांकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं आणि मान हलवली. भाव वाढला! एकच आरडाओरडा झाला, गठ्ठे गाडीत चढू लागले, इंद्रभानही खांदा लावायला धावला. तोच साहेबानं हाक मारली. गेली नोकरी, त्याला वाटलं.

"मंठ्याच्या बाजाराला येशील ना?" साहेबानं इंग्रजीत विचारलं.

आनंदात इंद्रभान इंग्रजीच विसरला. "येतो की साहेब!" तो ओरडला. "बिलकुल येतो!"