खुशालचं दार

इंदरलालच्या कपाटात लढायांची एकोणीस पुस्तकं होती आणि त्यांतल्या एकावर त्याचा भारी राग होता. निवृत्त फौजी माणूस. गोंदियात रेल्वे फाटकापलीकडे दोन खोल्यांत राहायचा, टपालाने पुस्तकं मागवायचा आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचा. ते साडेचारशे पानी इंग्रजी पुस्तक एकाहत्तरच्या लढाईवर होतं, आणि इंदरलालच्या रणगाड्याच्या वाट्याला त्यात दीड ओळ आली होती. एक रणगाडा गमावला, पुढे चला. अरे, पुढे चला काय?

त्या रणगाड्यात चौघे होते. तोफेवर इंदरलाल आणि चालक केशोरी गावचा खुशाल. पहिला गोळा कुशीत लागला, आत धूर कोंडला. त्या उघड्या मैदानात उड्या टाकल्या असत्या तर तिथेच चाळण झाली असती. खुशालने रणगाडा मागे मागे रेटत एका उंच बांधाच्या आड घातला. मागची बाजू आडोशाला आली तसे वरच्या झाकणांतून तिघे बाहेर पडले. चालक बसतो ते तोंड अजून उघड्यावरच होतं. दुसरा गोळा तिथे आला, खुशालच्या समोर.

आणि गावाने काय म्हणावं? खुशालचा थोरला भाऊ यादोराव तेराव्याला चारचौघांत बोलून गेला, "तिघं निंगाले, आमचाच कसा अडकला? भेला असंल." ते बोलणं खुशालच्या बायकोच्या, शकुंतलाबाईच्या, मागे लागलं ते लागलंच. इंदरलाल दर डिसेंबरात केशोरीला जाऊन घसा फोडून सांगायचा, "वैनी, त्याचं दार अलग होतं." पण बाईने जन्मात रणगाडा पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे ट्रक यायचा. ट्रकमधून तिघे उतरतात आणि चालक उतरत नाही, म्हणजे यादोराव म्हणतो तेच खरं असणार, असं वाटून ती मान खाली घालायची.

दोन हजार आठच्या मार्चात केशोरीहून फोन आला. शकुंतलाबाईला काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसरा पावसाळ्यापर्यंत टिकला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. इंदरलालला रातदिवस एकच ध्यास लागला, तिचा डोळा आहे तोवर तिला तो रणगाडा दाखवायचा. त्याने पुण्यात राहणाऱ्या भुवनेश्वर नावाच्या भाच्याकडून प्लॅस्टिकचा संच मागवला. त्यांच्याच जातीचा रणगाडा, टी-५५, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा, सुटे भाग अडीचशेच्या वर. आपल्या फौजेच्या रणगाड्यांवरचे नंबराचे आकडे त्यात नव्हते, म्हणून ते चिकटवायचा वेगळा कागदही कुण्या शौकिनाकडून करवून घेतला. सगळं जमलं, फक्त एक विसरला. त्याला कंपवात होता. चहाचा कप धरायला दोन हात लागणारा माणूस रणगाड्याच्या पट्ट्याची तांदळाच्या दाण्याएवढी कडी कशी चिकटवणार?

चार दिवस त्याची फजिती पाहून शेजारची सुमित्राबाई दारात उभी राहिली. तीस वर्षं बिड्या वळणारी बाई. "फौजीभाऊ, कायले जीव काढून राहिले? आणा इकडं," म्हणाली. बिड्यांचं सूप बाजूला सारून तिने चिमटा हातात घेतला आणि दीडशेच्या वर कड्यांचा पट्टा दोन दुपारींत ओवून टाकला. इंदरलाल पुस्तकातलं चित्र दाखवायचा, ती बोलता बोलता भाग बसवायची. चालकाच्या डोक्यावरचं झाकण तेवढं त्याने चिकटवू दिलं नाही. ते उघडायला हवं होतं. सुमित्राबाईच्या बोटांकडे पाहून त्याला अनेकदा भरून यायचं, पण फौजी असल्यामुळे तो ते तोंडावर येऊ देत नसे.

मग मे महिना लागला. आकड्यांचा कागद उन्हाने वळला, कोपरे ताठ झाले. सुमित्राबाईला धास्ती वाटली. बिडीचं तेंदूचं पान असं सुकलं की कातर लावताच तडकतं. त्याला भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावं लागतं, हे तिच्या हाडामासांत मुरलेलं. तिने कागदावर पाणी शिंपडलं, ओल्या फडक्यात नीट गुंडाळून माठाशेजारी ठेवला. आणि ते आकडे नेमके पाण्याने कागदावरून सुटणारे, ओले करून लगेच रणगाड्यावर बसवायचे. दुसऱ्या दिवशी फडकं उघडलं तर पांढरे आकडे एकमेकांत गुंतून चोथा झालेले. कागद मात्र कोरा.

"मी तं जपाले गेली," ती एवढंच म्हणाली.

इंदरलाल दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. नवा कागद यायला तीन महिने. तोवर डोळा राहतो का? तिसऱ्या दिवशी तो स्वतःच तिच्या ओसरीवर गेला, पांढऱ्या रंगाची बाटली खाली ठेवली आणि म्हणाला, "बाई, माया डोक्यात नंबर पक्का आहे. तुम्ही काढा." सुमित्राबाईला जेमतेम सही येत होती. त्याने पाटीवर आकडे मोठे काढून दिले आणि तिने काडीच्या टोकाने ते थेंबाथेंबाने उतरवले. रंग दाट होता, आकडे वर फुगून आले. पुस्तकातल्या चित्रासारखे सफाईदार काही ते दिसेनात. इंदरलाल मनातून खट्टू झाला.

जूनच्या सुरुवातीला दोघं बसने केशोरीला गेली. रणगाड्याचा डबा सुमित्राबाईच्या मांडीवर होता. शकुंतलाबाई अंगणात खाटेवर बसली होती आणि तिने आवाजावरूनच इंदरलालला ओळखलं. डॉक्टरांचा हिशोब चुकला होता, दुसरा डोळाही पंधरा दिवसांमागे गेला होता. उजेड आणि अंधार, बस. इंदरलालच्या मनात आलं, एवढा आटापिटा केला आणि पंधरा दिवसांनी हुकलं.

सुमित्राबाईने मात्र डबा उघडून रणगाडा सरळ तिच्या मांडीवर ठेवला. "हातानं पाहा, बाई. म्या बी हातानंच बनवला."

शकुंतलाबाईची बोटं पट्ट्यावरून फिरली, तोफेवरून गेली, वरच्या फिरत्या बुरुजाशी थांबली. "हे काय वर आलं आहे?"

"नंबर आहे, वैनी. आमचा," इंदरलाल म्हणाला. कागदाचे आकडे असते तर त्या बोटांना काही लागलंच नसतं, हे त्याला तेव्हा उमगलं. दोन दिवस अबोला धरल्याची लाज वाटून त्याने सुमित्राबाईकडे पाहून हात जोडले. आकड्यांच्या जरा वर त्याने शकुंतलाबाईचं बोट नेलं. "आम्ही तिघं इथून निंगालो. आता खाली या. पुढं, डावीकडं."

बोट लहानशा झाकणावर आलं. नखाने तिने ते उचललं, खाली टेकवलं, पुन्हा उचललं.

"हे आतून उघडे?"

"आतूनच. ते त्याच्या एकट्याचं दार, वैनी. कोणाची वाट पाहाची गरज नाई."

"मंग तो तं पयले निंगू शकत होता."

"सर्व्यायच्या पयले. तो अडकला नाई, थांबला. आमची पाठ आडोशाले येतपर्यंत थांबला." इंदरलालचा आवाज फाटला आणि या वेळी त्याने तो आवरला नाही. "मी सदतीस वर्षं जेवून राहिलो, नातू खेळवून राहिलो, ते त्याच्यानं. तुमच्यापुढं कोण्या तोंडानं मानू त्याचे उपकार?"

शकुंतलाबाई बराच वेळ ते झाकण उघडत-मिटत बसली. मग तिने इंदरलालचा थरथरता हात दोन्ही हातांत धरून ठेवला. "तू जगला, बरं झालं," म्हणाली. "नाही तं हे मले कोणं सांगतलं असतं?"

त्यानंतर तिने मान वळवून घराच्या दिशेने हाक दिली. यादोराव काठी टेकत बाहेर आला. ऐंशीचा म्हातारा, खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"बसा, भाऊजी," ती म्हणाली, "अन् बोट द्या इकडं."

त्याने बोट दिलं. तिने ते त्या झाकणावर नेऊन टेकवलं आणि म्हणाली, "उघडून पाहा."