अर्धी गाठ

टेलरमास्तरांनी बिस्किटांचा डबा तिसऱ्यांदा उघडला आणि तिसऱ्यांदा तसाच बंद केला. बाहेर गिर्यारोहण क्लबच्या हॉलमध्ये हसून हसून लोकांची पुरेवाट झाली होती. शोकसभा खरी, पण ती पालची. पालची आठवण काढून रडायचं म्हणजे महाकठीण काम.

खऱ्या नावाने त्याला फक्त बँकवाले ओळखत. इतरांना जिथे नख रुतवायला जागा सापडायची नाही, तिथून हा गडी शीळ घालत पालीसारखा वर जायचा. असे कडे त्याने चाळीस वर्षं पालथे घातले. आणि महिन्यापूर्वी पडला तो कुठून, तर नवशिक्यांना शिकवायच्या सोप्या कातळावरून. पडला तो गेलाच.

"घरात मात्र स्टुलावर चढायला टरकायचा," बेकरीवाला सांगत होता. "बल्ब वहिनी बदलायच्या."

"अजूनही मीच बदलते," पहिल्या रांगेतून पालची बायको म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

मास्तरांना तो हशा सोसवेना. त्या दिवशी खाली दोर धरून तेच उभे होते. नियम साधा होता. चढणाऱ्याने कमरेच्या पट्ट्याला दोराची गाठ मारायची, दोर धरणाऱ्याने ती हाताने ओढून पाहायची, मगच पाय उचलायचा. पाल गाठ मारता मारता सासऱ्यांचा किस्सा सांगू लागला. रंगात आल्यावर हातवाऱ्यांना हात मोकळे लागायचेच, म्हणून गाठ अर्धी सोडली. मास्तर पोट धरून हसत राहिले. किस्सा संपला, पाल चढला, आणि वर पोचून त्याने दोरावर भार टाकला. गाठ सुटली, एवढंच लोकांना कळलं. जन्मभर दोऱ्याला गाठी मारणाऱ्या माणसाने हीच एक पाहिली नाही, हे मास्तरांनी महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मास्तर, चला," वहिनी दारात येऊन म्हणाल्या. साठीच्या बाई, पायात कोरे करकरीत बूट.

सभासद गेला की त्याच्या घरच्या माणसाने हॉलमधल्या सरावाच्या भिंतीवर एकदा चढायचं, अशी क्लबची रीत होती. घरात आता वहिनीच तेवढ्या उरल्या होत्या.

"दोर तुम्ही धरा."

"माझ्याच्याने नाही व्हायचं, वहिनी." मग मास्तरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. गाठ, किस्सा, आपलं हसणं. काही म्हणून लपवलं नाही.

वहिनी खाली बसल्या.

"कुठला किस्सा?"

"तुमच्या वडिलांच्या कवळीचा."

वहिनींचा ओठ थरथरला. हसू होतं की रडू, त्यांनाही सांगता आलं नसतं.

"त्या कवळीच्या किस्स्यापायी माझं दोनदा दूध उतू गेलंय," त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसले. "राग आलाय मला, मास्तर. तुमचा आलाय. ह्यांचा त्याहून जास्त. जरा गप्प बसता येत नव्हतं या माणसाला."

आता या क्लबमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं तोंड राहिलं नाही, असं मास्तरांच्या मनाने घेतलं.

वहिनी उठल्या. पदर खोचला.

"दोर धरा म्हटलं ना? लोक खोळंबलेत."

भिंतीखाली सगळे गोळा झाले. बेकरीवाल्याने वहिनींना पट्टा चढवला आणि गाठ कशी मारायची ते दाखवलं. वहिनी गाठ मारू लागल्या. घाबरल्या की त्यांच्याही तोंडाचा पट्टा सुटायचा, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"लग्नानंतर ह्यांनी मला पहिल्यांदा कड्यावर नेलं ना, तेव्हा काय झालं माहितीये?" त्यांनी दोर सोडून हात उडवले. लोक हसायच्या तयारीने पुढे सरकले.

"वहिनी, गप्प बसा," मास्तर म्हणाले.

वहिनींशी असं कुणी बोललं नव्हतं. मास्तर गुडघ्यावर बसले. शिलाई तपासावी तसा त्यांनी गाठीचा एकेक पदर बोटांनी चाचपला, राहिलेला वेढा वहिनींकडून पुरा करून घेतला, आणि सगळा जोर लावून गाठ ओढून पाहिली. एकदा. मग आणखी एकदा.

"हं," ते उठून म्हणाले. "आता सांगा."

"आता वरूनच सांगते," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पाय उचलला.