सात पाऊण सव्वापाच

“गुरुजी, ह्याच्यात भरती हाय!”

पाऊणकी चालली होती. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. चाळीस पोरांचा सूर कसा छान लागला होता, आणि मध्येच भिकू कोळ्याची केसर उठून उभी राहिली.

“कशात आहे भरती?”

“पाऊणकीत. आज चवथ. चार पाऊण तीन. आज तीन वाजता भरती. उद्या पंचीम, पावनेचारला. रोज पाऊन तास पुढं. बगा तुमी!”

मी मूळचा घाटावरचा. आगरदांड्याच्या अलीकडे आमची वाडी, तिथल्या शाळेत अठरा वर्षं पाऊणकी घोकून घेत होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक होतं. मला नव्हतं! धक्क्यावर जाऊन चिखलाकडे बघत तासन्‌तास होडीची वाट पाहिली, पण पाऊणकीला कधी विचारलं नाही.

“कुणी सांगितलं तुला हे?”

“नुरुद्दीनचाचांनी. म्हंजे सांगितलं न्हाय. विचारलं.”

तिथंच माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं.

नुरुद्दीन तांडेल खाडीपलीकडे दिघीला माणसं नेणारा मचवा चालवायचा. अक्षरशत्रू. सही म्हणून अंगठा. आणि केसरला शाळेत आणली होती मी. तीन दिवस सकाळी भिकूच्या दारात बसून, बोंबलांचा वास सहन करून आणली होती. वर्गात मुलगी ती एकटीच. तिचा पहिला ‘क’ माझ्या हाताखाली उमटला. आता दहा वर्षांची झाली आणि तिच्या तोंडी उठता-बसता चाचा!

एकदा शाळा सुटल्यावर मी मुद्दाम तिच्या मागोमाग धक्क्यावर गेलो. नुरुद्दीन दोर वळत बसला होता. केसर त्याच्यापुढे.

“चाचा, पानी रोज उशिरा का येतो?”

“मला काय ठाव? तूच सांग.”

“चांद पन रोज उशिरा येतो.”

“बरं. मग?”

“मग दोगांचं कायतरी हाय.”

“हाय का न्हाय, कसं कळंल?”

यावर ती पाव तास गप्प. तोही गप्प, दोर वळतोय. माझ्या वर्गात कुणी पाव तास गप्प बसलं असतं तर मी छडी उचलली असती. मग ती म्हणाली, “रोज बगाया लागंल,” आणि उठून चिखलात एक काठी रोवून आली. तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड होता की काय सांगू! चार वर्षांत तो उजेड माझ्याकडे बघून एकदाही आला नव्हता. जळलो मी. कबूल करायला आता लाज कसली? अगदी जळून खाक झालो.

पुढच्या महिन्यात शाळा तपासायला साहेब आले. अठरा वर्षांत माझ्या नावापुढे एक चांगला शेरा पडला नव्हता. या खेपेला पडणार अशी माझी खात्री होती. पोरांनी पाढे धडाधड म्हटले. साहेबांनी मान डोलावली आणि घड्याळ काढलं. “मला दिघीला जायचंय. होडी कधी?”

तेव्हा बारा वाजले होते आणि धक्क्याला नुसता चिखल होता. मी म्हणालो, “चौकशी करतो, साहेब.”

केसरनं बोट वर केलं. “आज सप्तमी. सात पाऊन सव्वापाच. पन पुरी भरती पावनेसहाला व्हईल.”

“सव्वापाच म्हणतेस आणि पावणेसहा कशी?”

“ते दर्यावरचं झालं, साहेब. पानी खाडीत आत येईस्तवर अर्दा तास जातो. मी काठ्या लावल्यात. पाऊनकी खोटी न्हाय, पन ती खाडीत ऱ्हात न्हाय.”

साहेब खो खो हसले आणि हट्टालाच पेटले. होडी चारलाच निघाली असती, पण ते घड्याळ हातात धरून धक्क्यावर उभे राहिले. सव्वापाचला पाणी केसरच्या वरच्या काठीच्या बरंच खाली होतं. पावणेसहाला काठीला टेकलं आणि थांबलं.

“शाबास! कुणी शिकवलं गं तुला?”

मी एक पाऊल पुढे आलो. कोटाचं वरचं बटण लावलं. खरंच लावलं.

“नुरुद्दीनचाचांनी,” केसर म्हणाली.

साहेबांनी त्या अंगठाबहाद्दराचा हात हातात घेतला. नुरुद्दीन लाजून म्हणाला, “मी काय शिकवनार, साब? पाऊनकी तर मास्तरांची.”

त्यानं मला भीक घातल्यासारखं वाटलं. तो तसल्या मनाचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. शेरेबुकात साहेबांनी दोनच शब्द लिहिले होते: पाठांतर उत्तम.

तसाच भिकूच्या घरी गेलो. तो जाळं तुणत होता. मला बघून उठला, पाट मांडला.

“भिकू, पोरगी मोठी व्हायला लागली. धक्क्यावर खलाशांत बसते. लोक बोलतात.”

लोक बोलत नव्हते. एकही माणूस बोलत नव्हता. मीच बोलत होतो.

“बरं झालं सांगितलंव, गुरुजी,” भिकू म्हणाला. “तुमच्यासारका मानूस हाय म्हनून.” त्याच्या बायकोनं, शकूनं, गुळाचा चहा दिला. मी तो फुंकर मारून प्यालो आणि हलक्या पावलांनी घरी आलो. आता केसर शाळा सुटल्यावर माझ्याकडे बसेल, चंद्राचं काय ते मला विचारेल, असे मनात मांडे खात होतो. मला तरी चंद्राचं काय माहीत होतं म्हणा!

दुसऱ्या दिवशी केसरची जागा रिकामी. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी पुन्हा भिकूच्या दारात.

“केसर कुठाय?”

“म्हावरं सुकवते आयसंगती.”

“आणि शाळा?”

“आता कसली साळा, गुरुजी? तुमीच बोललाव, पोरगी मोठी झाली.”

“अरे, मी धक्क्याचं बोललो. शाळेचं नाही!”

“साळा न्‌ धक्का एकाच वाटंवर हाय.”

‘लोक बोलतात हे मी खोटं सांगितलं,’ एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. भिकू हात जोडून उभा होता, त्याच्या नजरेत माझ्याबद्दल केवढा आदर! तो आदर मला सोडवेना. मी चपला घातल्या आणि निघालो.

वाटेत नुरुद्दीन भेटला. “मास्तर, केसर दिसत न्हाय?”

“बापानं काढली शाळेतून.”

त्यानं खांद्यावरचा दोर खाली ठेवला. म्हणाला, “तुमी समजवा त्याला. आमचं कोन ऐकनार? तुमचा शबुद मोठा.”

मी मान डोलावली. समजावलं मात्र नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिलो.

पौर्णिमेच्या दिवशी वर्गात पाऊणकी चालू होती. सूर छान लागला होता. पंधरा पाऊण सव्वाअकरा. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

“सव्वाअकरा म्हणता. पण आपल्या खाडीत पाणी त्याच्याही मागाहून भरतं. का?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. छडी उचलायची नाही असं मी ठरवलं होतं. वाट बघत राहिलो. धर्माजीच्या पोरानं नाक पुसलं.

माझा आवाज मोठा. खिडक्या उघड्या, आणि बाहेर वीस हातांवर बोंबलांचे मांडव. केसर तिथं उभी होती. तिनं शाळेकडे मान वळवली. डाव्या हातात ओल्या बोंबलांची जोडी होती. उजवा हात एक बोट ताठ करून खांद्यापर्यंत वर आला.

मग तिनं तो हात बांबूला लावला आणि जोडी वाळत घातली.