कारंज्यासमोरच्या तीन बाटल्या

टेबलावर काचेच्या बुचाच्या बाटल्या नऊ, ब्युरेट दोन (एकीची तोटी गळकी), फ्लास्क पाच, नोंदवही एक आणि मंत्रालयाचं पत्र एक. पत्र आणि नोंदवही सोडून सगळं तिने सकाळीच धुतलं होतं. पत्रही धुऊन टाकावं असं तिला दोनदा वाटून गेलं.

तिला विभागात सगळे थेंबी म्हणत. चार वर्षं नदीच्या पाण्यातला ऑक्सिजन (जितका कमी, तितकी नदी घाण) थेंबाथेंबाने मोजत बसलेल्या मुलीला दुसरं काय म्हणणार? गुरुवारी तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. आणि पत्र म्हणत होतं की, नदी शुद्धीकरण योजना यशस्वी झाली असताना प्रबंधात २.६ हा आकडा दिसतो, टंकताना अंकांची अदलाबदल झाली असावी, तो ६.२ असा दुरुस्त होईपर्यंत परीक्षा स्थगित ठेवावी.

"अदलाबदल!" थेंबी फणफणली. "बाई, पाच ठिकाणचे आकडे आहेत. एका ठिकाणी ३.३ आलाय. तो उलटा करून काय करणार?"

"तो त्यांनी आहे तसा मंजूर केला असेल," विभागप्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या.

पत्रामागोमाग मंत्रालयातले साहेबही हजर झाले. बूट चकचकीत, हातात फाइल. "दोन मिनिटांचं काम आहे. एक आकडा खोडा, दुसरा लिहा."

"जरूर," बाईंनी नोंदवहीचं पहिलं पान उघडलं. "फक्त हा आमचा नियम. आक्षेप घेणाऱ्याने पाणी स्वतः आणायचं, स्वतः मोजायचं आणि सही करायची. सही झाली की आक्षेप निकाली. परीक्षा ठरल्या दिवशी."

"हा नियम कधीचा?"

"माझ्या गुरूंच्या वेळचा. कुलगुरूंनी आज सकाळी त्यावर पुन्हा शिक्का मारून दिलाय. मंत्र्यांना नाही म्हणणं त्यांना जमत नाही हो, पण नियमाला हो म्हणता येतं. तुम्हाला मोजणं जमणार नसेल, तर मात्र—"

"जमणार नसेल?" साहेबांचे कान लाल झाले. "मी रसायनशास्त्रात विद्यापीठात पहिला आलो होतो, बाई!"

"मग प्रश्नच मिटला," प्रयोगशाळेतले मामा फडकं पिळत म्हणाले.

साहेब हात धुवायला वळले, तशी थेंबी बाईंच्या कानाशी लागली. "त्यांनी मुद्दाम चुकीचं मोजलं तर? माझी चार वर्षं आहेत, बाई."

"पहिला आलेला माणूस मुद्दाम चुकत नाही गं. तेवढं एकच त्याला जमत नाही."

ठिकाणही साहेबांनीच निवडलं. "तुमची ती पाच ठिकाणं राहू द्या. मंत्रिमहोदयांनी उद्घाटन केलं, त्या कारंज्यासमोरचं नदीचं पाणी घेऊ." कारंजं बंद होतं. साहेबांनी वाकून, एक बूट चिखलात घालून, तीन बाटल्या भरल्या आणि थेंबीने दिलेली, ऑक्सिजन धरून ठेवणारी दोन रसायनं काठावरच प्रत्येकीत घातली.

प्रयोगशाळेत त्यांनी बाह्या वर सारल्या.

"ब्युरेटमधून जितके मिलिलिटर उतरतील, तितकाच आकडा," थेंबीने सांगितलं. "फ्लास्कमधला निळा रंग गेला की थांबायचं."

साहेबांनी सहाच्या खुणेवर नजर लावून तोटी फिरवली. निळा रंग दोनच्याही आधी गेला.

"हे द्रावण शिळं आहे."

"कालच केलंय. तरी तपासून बघा ना."

त्यांनी तपासलं. द्रावण ठीक होतं. दुसऱ्या फ्लास्कला ते खुर्ची सोडून उभे राहिले. थेंबी हळूहळू विसरूनच गेली की हा माणूस कशासाठी आलाय. "फ्लास्क हलवत राहा, साहेब. खाली पांढरा कागद घ्या, रंग नीट कळतो."

"माहीत आहे गं मला," ते पुटपुटले, पण कागद घेतला. तिसऱ्या वेळी तोटीच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब त्यांनी फ्लास्कच्या काठाला अलगद टेकवून उतरवला आणि स्वतःशीच म्हणाले, "वा!"

मग बाईंनी पेन पुढे केलं, तसा त्यांचा चेहरा उतरला.

"वर काय सांगू मी?"

"सांगा, पत्राप्रमाणे कार्यवाही झाली," मामा म्हणाले. "खोटं थोडंच आहे?"

"सही नाही केली तर?"

"तर बाजूला लिहा, 'मला मोजता आलं नाही,'" बाई म्हणाल्या. "नियमात तेही बसतं."

साहेब बाईंकडे बघत राहिले. मग तिन्ही फ्लास्ककडे. मग त्यांनी पेन हिसकावून घेतलं आणि आपल्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख लिहिली. त्याच्या वरची ओळ थेंबीने भरली:

ठिकाण सहावे, कारंज्यासमोर. तीन मोजण्या: १.९, १.८, १.९. सरासरी १.९ मिलिग्रॅम प्रति लिटर.