पुंगाटी, एस.

"शून्य," अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवून जाहीर केलं. "निमगडे, वीस वर्षांत पेपर चार. आणि जगात त्यांची दखल घेणारा? एकही नाही."

चंद्रपूरच्या एका औषधशास्त्र महाविद्यालयात देवराव निमगडे व्याख्याते होते. १९८६च्या त्या दुपारी त्यांना प्रपाठक करायचं की नाही ते ठरत होतं. मुलाखत तिसरी, म्हणजे नियमाप्रमाणे शेवटची. समितीने नागपूरहून एक जाडजूड ग्रंथ आणला होता. कोणाच्या संशोधनाचा आधार कोणी घेतला, त्याची त्यात जगभरची नोंद असते. टाइप इतका बारीक, की विद्वत्तेआधी डोळे तपासून घ्यावेत.

देवराव उंदरांना अपस्माराचे झटके आणत आणि ते थांबवत. मेंदूवरच्या औषधांचं शास्त्र याहून सोपं करून सांगता येत नाही. पिंजरे त्यांनी स्वतः जोडलेले. वीज गेली की प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. हाती आलेला आकडा ते सात वेळा पडताळत. तेवढ्या वेळात सहकारी सात पेपर लिहीत आणि तीन सत्कार घेत.

"सर, माझ्या नावाखाली नका पाहू," देवराव म्हणाले. "पीच्या पानावर पाहा. पुंगाटी, एस."

अध्यक्षांनी भिंग फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"एकेचाळीस? अहो, जपान, स्वीडन... आपल्या अख्ख्या विभागाचे मिळून एवढे नाहीत! कोण हे पुंगाटी?"

"सुकरी पुंगाटी. बाई आहेत, एटापल्लीच्या पलीकडे जंगलात राहतात. झटक्यांवरची मुळी त्यांनी दाखवली."

"डॉक्टर आहेत?"

"औषध देतात."

"शिक्षण?"

"आईकडे झालं."

त्या ग्रंथात फक्त पहिल्या लेखकाचं नाव छापतात. मुळीवरच्या पेपरात देवराव दुसरे होते. पंधरा वर्षांपूर्वी सूरजागडच्या डोंगरात सुकरीने त्यांना अट घातली होती, "दाखोतो मी. पन कोणाले सांगशीन तं आंधी माहं नाव घेजो. मी मायचं घेतो. दाखोनाऱ्याचं नाव नाई घेतलं तं मुळी लागत नाई."

विज्ञानातही हीच रीत आहे. फक्त तिथे नाव शेवटच्या पानावर घेतात, तेही घ्यायचं मनात असलं तर. देवरावांनी ते पहिल्याच ओळीत घेतलं होतं.

अध्यक्ष एकदम मायाळू झाले. "निमगडे, मार्ग आहे. दोन ओळी लिहून द्या. पुंगाटी या केवळ मदतनीस, नाव चुकून आधी पडलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस तुमचे धरतो." त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं.

दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव कसं चढवतात, हे देवरावांना शिकवायची गरज नव्हती. बाप रामाजी हयातभर मालकाच्या शेतात राबला आणि पीक मालकाच्या नावावर चढलं, तेव्हा ते त्यांनी खालच्या बाजूने पाहिलं होतं.

"चुकून नाही पडलं, सर. मीच टाकलं."

"अहो, मग तुमचं शून्यच राहतं!"

"हो सर. शून्य बरोबर आहे."

उमेदवार सचोटीचा असल्याचं समितीने एकमताने नोंदवलं आणि जागा दुसऱ्याला दिली.

बाहेर लच्छू वाट पाहत होता. उंदरांचं दाणापाणी बघणारा, देवरावांच्याच वयाचा.

"काऊन जी साहेब, झालं?"

"नाई, लच्छूभाऊ." देवरावांनी सगळं सांगितलं.

"मारून द्याची ना सही! कोन जात होतं एटापल्लीले सांगाले?"

"मंग मुळी लागली नसती."

"खरं असते काय थे?"

"तेवढंच पडताळून पाह्यलं नाई," देवराव म्हणाले. "हिंमत नाई झाली."

रविवारी ते एटापल्लीला गेले आणि तिथून पायी सुकरीच्या गावी. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती.

"बाई, एकेचाळीस जणायनं तुमचं नाव घेतलं. पार समुद्रापलीकडच्यायनं."

सुकरीचे हात थांबले. "एकेचाळीस? एवढ्यायच्या घरी झटकेवाले हायत?"

"तसं नाई, बाई. त्यायनं फक्त लिहिलं..."

"फुकट कोन नाव घेते, डाक्तर?"

जगभरच्या ग्रंथालयांना न सुचलेला हा प्रश्न होता. सुकरी कुदळ घेऊन डोंगर चढून गेली. परतली ती ओटीत मुळ्या घेऊन. मग पळसाच्या पानात एकेक पुडा बांधत, दर पुड्याला पुटपुटत आईचं नाव घेत, तिने एकेचाळीस पुरे केले.

"लेकरू असन तं अर्धीच द्या म्हना," टोपली देताना ती म्हणाली.

परतीची एसटी खच्चून भरली होती. देवरावांना खिडकीजवळची एक जागा मिळाली. त्यांनी तिथे टोपली ठेवली, आणि दांड्याला धरून आलापल्लीला गाडी बदलेपर्यंत ते तिच्या शेजारी उभे राहिले.