तांदळाच्या सात राशी

कोर्टाच्या व्हरांड्यात बाक होता, पण पुष्पावतीला बसवत नव्हतं. पाण्याच्या माठापर्यंत जायचं, तहान नसताना घोटभर प्यायचं आणि परत यायचं, असं तिचं सकाळपासून चाललं होतं. बाकाच्या टोकाला तिची सवत लंकाबाई बसली होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, आणि दोघींना दुसरं काही दिसतही नव्हतं.

लंकाबाईला मुलगा नव्हता, म्हणून गोरक्षनाथनं गेल्या वैशाखात, सत्तर साली, पुष्पावतीशी लग्न लावलं. थोरलीची संमती आहे, असं त्यानं मांडवात छातीठोकपणे सांगितलं. थोरली मात्र केडगावला भावाकडे गेली आणि तिनं नवऱ्यावर फिर्याद ठोकली. पहिली नांदती असताना दुसरी करू नये, असा कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती. पण कायदा पुस्तकात आणि मांडव गावात.

नवरा तुरुंगात गेला तर आपण कोण, हा पुष्पावतीचा घोर होता. गोरक्षनाथच्या वकिलानं तिला साक्षीला आणताना बजावलं होतं, "खोटं अक्षर बोलायचं नाही. विचारीन तेवढं खरं सांगायचं." खरंच सांगायचं तर एवढं बजावायचं कशाला, हे तिला कळेना.

पुकारा झाला. ती पिंजऱ्यात उभी राहिली.

"लग्नात होम पेटवला होता?" वकिलानं विचारलं.

"न्हाई."

"सप्तपदी झाली?"

तिला आठवलं. आईनं तांदळाच्या सात राशी मांडल्या होत्या, एकेकीवर सुपारी. ती पदर सावरून उठलीही होती. तेवढ्यात गोरक्षनाथ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भटजी, पंगत खोळंबलीय." पाहुण्यांची केवढी काळजी, म्हणून ती तेव्हा सुखावली होती. पहिल्या पंगतीत त्याच्या शेजारी बसून एक शहरी माणूस बुंदीचे लाडू हाणत होता. तोच आता काळा कोट घालून तिच्यासमोर उभा होता.

"न्हाई झाली," ती म्हणाली.

गावाचा हिशेब सरळ असतो. अक्षता पडल्या, पंगत उठली, लग्न झालं. कोर्टाला लाडू चालत नाहीत.

निकालाची तारीख पडली. तोवर घरात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाकरी तव्यावर करपायची आणि ती दारात उभी असायची. एकदा तिनं विचारलंच, "तुमाला तवाच ठावं हुतं?"

गोरक्षनाथ हसला. "कायद्याला कायद्यानंच गाठावं लागतं. तुला काय कमी हाय हितं?"

निकालाच्या दिवशी जज्जसाहेबांनी वाचून दाखवलं, की विधी पुरे झालेले नाहीत, सबब दुसरं लग्न सिद्ध होत नाही आणि आरोपी निर्दोष आहे. लंकाबाईच्या भावानं मान खाली घातली. गोरक्षनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन पायरीवर आला.

"चल, यस्टी गाठू," तो म्हणाला.

पुष्पावतीनं गळ्यातली मंगळसूत्राची पोत काढून पुड्यावर ठेवली. तिला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. "कुठल्या नात्यानं येऊ? आपलं लगीन झालंच न्हाई. मी आईकडं चालले, शेवगावला."

"अगं, ते कोर्टापुरतं."

"मांडवात बी तुमी कोर्टापुरतंच केलं हुतं."

तो हात धरायला पुढे झाला आणि थबकला. दारात शिपाई होता, वकील होता, आत साहेब होते. ही माझी बायको आहे, असं तिथं मोठ्यानं म्हणायची त्याची सोय राहिली नव्हती. तो पुडा सावरत नुसता उभा राहिला.

माळीवाड्याच्या स्टँडवर लंकाबाई एकटीच बसली होती. भाऊ चौकशीच्या खिडकीकडे गेला होता. पुष्पावती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. लंकाबाईनं तिच्या मोकळ्या गळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तू सुटलीस, पुष्पे," ती म्हणाली. "माझ्या येळंला बापानं सातही पावलं मोजून चालवली हुती."

शेवगावची गाडी लागली. पुष्पावतीनं वळून एकदा गाडीकडे पाहिलं आणि मग ती लंकाबाईच्या शेजारी बसली.