जांभळाचा एक आणा

नेकनूरच्या पलीकडच्या शिवारातली ती विहीर सामाईक होती, आणि सामाईक विहिरीतले वाटे आण्यांनी मोजतात. बाजारातून आणा कधीच गेला, विहिरीतून काही गेला नाही. सुंदररावांचे आठ आणे, धाकट्या बजरंगचे चार आणि थोरल्या भावाच्या मागे राहिलेल्या बायनाबाईचे चार. ज्याचे जितके आणे, तितकी त्याची पाण्याची पाळी. दुसऱ्याच्या पाळीत पाणी घेतलं तो चोर, मग सख्खा भाऊ का असेना.

एप्रिलात पाण्यानं तळ गाठला. सुंदरराव पंचायत समितीवर राहून आलेले. कुणाचा तरी दोष सापडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांचा मुलगा अमरसिंह शेतकी कॉलेजातून सुट्टीला आला होता. जेवताना तो सहज बोलून गेला, की विहिरीच्या काठावरचं जांभूळ दिवसभरात टाकीभर पाणी मुळांतून शेंड्यापर्यंत ओढत असेल आणि पानांतून हवेत सोडत असेल.

सुंदररावांचा घास हातातच राहिला. "मोटार न्हाई, कनेक्शन न्हाई, अन् पाणी वर चढतंय? कुणाच्या पाळीतलं?"

अमरसिंहाला सांगता येईना. कॉलेजात एवढं खोल शिकवत नाहीत.

चोरी सिद्ध झाली तर जांभूळ तोडायचं, असं सुंदररावांनी जाहीर केलं. बायनाबाईची पत्र्याची खोली त्याच सावलीत होती. सावली गेली, तर त्या पत्र्यावर भाकरी भाजता आली असती. मग गावातल्या घरी, म्हणजे सुंदररावांच्या घरी राहायला जावं लागलं असतं, आणि तिथे सकाळचा चहासुद्धा भाषण ऐकल्याशिवाय मिळत नव्हता.

चोर रंगेहाथ धरायचा म्हणून बजरंगनं भल्या पहाटे खताच्या गोणीतली प्लास्टिकची पिशवी एका पानाळ डहाळीवर चढवली आणि तोंड सुतळीनं आवळलं. खाली बाजेवर सुंदरराव बसले, जमिनीवर बायनाबाई. मेंढरं घेऊन चाललेला म्हाळूही थांबला, कारण झाडाला पकडताना त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

उजाडलं तेव्हा पिशवी कोरडी होती. पानांवर ऊन आलं तशी ती आतून धुरकटली. "लागलं बगा प्यायला!" सुंदरराव ओरडले. ऊन चढलं, थेंब ओघळले, पिशवीच्या कोपऱ्यात पाणी साचू लागलं. भर दुपारी मात्र थेंब थांबले.

"झोपलं वाटतं," म्हाळू हळूच म्हणाला. तोवर सुंदररावही बाजेवर घोरत होते. उन्हं कलल्यावर दोघंही पुन्हा कामाला लागले. दिवस बुडाला, मग मात्र पिशवीत एक थेंब वाढेना.

"चोरी सिद्ध!" सुंदररावांनी पिशवी उंच धरली. "आज माझी पाळी हुती."

दिवसभर घाबरून बसलेल्या बायनाबाईला आता राग आला, आणि रागानं तिला बरं वाटलं. तिनं पदर खोचला. "भावजी, दिस बुडाल्यावर त्यानं थेंब तरी घेतला का?"

"न्हाई."

"मंग रातच्याला लाईट आली, की माझ्या पाळीत मोटार कुणाची गुरगुरती? ते जांभूळ उजेडी पितंय, समद्यांच्या म्होरं. तुमी कावून अंधारात पिता?"

बजरंगला खोकला आला. म्हाळू मेंढरं मोजू लागला. सुंदररावांचा चेहरा उतरला, पण मुरलेला पुढारी तो. आवाज लगेच मऊ झाला. "वैनी, घरातलं घरात ऱ्हाऊ द्या. तुमच्या चारातला एक आणा झाडाला द्या, मिटलं."

झाड वाचत होतं, म्हणून तिनं दिला. जांभूळ विहिरीचं रीतसर वाटेकरी झालं. त्यानंतर सुंदरराव जो भेटेल त्याला "आता नियम समद्यांना सारखा" असं सांगत सुटले, तेव्हा बायनाबाईला शंका आली.

मे महिन्यात ती खरी ठरली. दर उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा असतो आणि प्रत्येक वाटेकऱ्यानं आपला माणूस खाली उतरवायचा असतो. ज्याचा माणूस नाही त्याचा वाटा बुडाला. सुंदरराव कुऱ्हाडवाला सोबत घेऊनच आले. बजरंग उतरला. बायनाबाईचा भाचा तानाजी उतरला.

"जांभळाचा एक आणा?" सुंदररावांनी पुकारा केला.

म्हाळू पुढं झाला. "मी उतरतो त्याच्याकडून."

"तुला झाडानं सांगितलं का?"

म्हाळूनं बराच वेळ वर शेंड्याकडं पाहिलं. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "न्हाई," तो म्हणाला.

सुंदररावांनी दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तोच विहिरीतून बजरंगचा आवाज घुमला. "दादा, त्याला वर कावून हाका मारता? ते खाली हाय!"

सगळे काठावर ओणवे झाले. मांडीएवढं मूळ दगडांतून बाहेर येऊन थेट गाळात उतरलं होतं. "आमच्या आदी उतरलंय," बजरंग म्हणाला. "अन् ह्या अंगाचं बांधकाम त्यानंच धरलंय. न्हाईतर आमी आत्ता दगडाखाली असतो."

"हजर," सुंदरराव पुटपुटले.

बायनाबाईला हसू आवरेना. तिनं गळा साफ केला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं पुकारलं, "आठ आणे?"

सुंदररावांचा माणूसच नव्हता. अमरसिंह कॉलेजात परत गेला होता. कुऱ्हाडवाला तर केव्हाच बांधापलीकडं पोचला होता.

"आठ आणे, भावजी?"

तिसऱ्या हाकेला सुंदररावांनी चपला काढल्या आणि दोराला हात घातला. अर्ध्यात गेल्यावर पाय टेकायला जागा सापडेना. ते लोंबकळत ओरडू लागले, तेव्हा खालून बजरंगनं सांगितलं, "जांभळावर पाय द्या, दादा. ते धरतंय."